हिवाळ्यात गाड्या बघायला गाडी काढणाऱ्यांस सूचना

आपल्या नागपूरच्या रेल्वेवेड्यांच्या ग्रुपात असाल, तर रेल्वेबद्दल तुम्हाला जे काही कळतं, ते कारमध्ये बसण्याआधी घरी टेबलावर काढून ठेवायचं. कॅमेरा घ्या, कानटोपी घ्या, चहाचा थर्मास घ्या, आईनं दिलेले तिळाचे लाडू खिशात टाका. ज्ञान तेवढं घरी राहू द्या. ते बरोबर आलं तर गाडी हळू चालवावी लागेल, आणि हळू चालवून कोणती मालगाडी गाठणार तुम्ही?

धुक्याचंच घ्या. रेल्वेवाले धुक्याला फार मान देतात. स्टेशन मास्तरला १८० मीटरवरची ठरलेली खूण दिसेनाशी झाली की धुकं पडलं असं धरतात. मग सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर फटाके बांधायला माणूस जातो. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाम होतं आणि लोको पायलटला कळतं, सिग्नल आला. आता तर केबिनमध्ये जीपीएसवालं यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते दाखवतं. तरी धुक्यात ताशी ७५ च्या वर जायची मुभा नाही. यंत्र नसेल तर ६०. म्हणजे बघा, जिला वळायचं नाही, कोणाला ओव्हरटेक करायचं नाही, जिच्यापुढे म्हैस सोडून कोणी आडवं येत नाही, त्या गाडीची ही तऱ्हा. तुम्ही काटोल रोडला. काच आतून ओली, बाहेरून ओली, पुढे कुठंतरी कापसाची बैलगाडी, तिला ना लाल दिवा ना चमकपट्टी, आणि तुमचा काटा नव्वदवर. नेमकं त्याच वेळी मागच्या सीटवरचा मित्र हे सगळं समजावून सांगत असतो: १८० मीटर, २७० मीटर, ७५. तुम्ही मान डोलवा. "काय शिस्त आहे यार रेल्वेची," म्हणा. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलवू नका.

बाहेरच्यांना वाटतं हिवाळ्यात काय ठेवलंय रेल्वेत. त्यांना आपलं गणित माहीत नसतं. दिल्लीकडे धुकं पडलं की जीटी, तमिळनाडू, केरळ, तेलंगणा या सगळ्या एक्स्प्रेस लोळत लोळत येतात, आणि एरवी रात्रीच्या अंधारात निघून जाणाऱ्या गाड्या आपल्याला भर दुपारच्या उन्हात, सोनेरी उजेडात मिळतात. सहा तास लेट म्हणजे आपली दिवाळी. फक्त नागपूर स्टेशनच्या फलाटावर उभं राहून हा आनंद चेहऱ्यावर दिसू देऊ नका. शेजारी ब्लँकेटात गुंडाळलेलं कुटुंब बसलेलं असतं, त्यांचं चेन्नईत लग्न असतं. त्यांना धीर द्यायला म्हणून "ही इमारत १९२५ ची बरं का, दगड सावनेरचा आहे" असलं काही सांगायला जाऊ नका. आपल्यातल्या एकानं सांगितलं होतं. त्या कुटुंबातल्या आजीनं त्याला जे ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही. शिवाय दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं. गाडी सहा तास लेट आणि तिकीट दोन तासांचं, म्हणून तर आपण कार काढतो आणि गावाबाहेर पडतो.

निघताना घरी काय सांगायचं? खरं सांगू नका. पहाटे चार वाजता मित्राच्या दारात हॉर्न वाजवला की वहिनी शाल घेऊन बाहेर येतात आणि विचारतात, "इतक्या थंडीत कोठी चालले भाऊजी?" अशा वेळी 'डबल लोकोची मालगाडी बघायला' हे उत्तर देणारा माणूस त्या घरात पुन्हा चहाला बसत नाही. "पाहुण्याले सोडून येतो" म्हणा. वहिनींना सगळं माहीत असतं, पण त्यांनाही शेजारणीला सांगायला काहीतरी लागतं.

टायरची हवा बघू नका. थंडीत हवा आकसते, टायर बसतो, हे शाळेत शिकलो होतो, पण ते शाळेपुरतं. रेल्वेत असल्या गोष्टींचा उगाच बाऊ करतात: थंडीत रूळ आकसतो, जोडावर ताण येतो, पहाटे पहाटे तडा जातो, म्हणून रात्रभर ट्रॅकमन बॅटरी घेऊन रुळांवरून चालत गस्त घालतात. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, तेव्हा आपण रजईत होतो आणि ती माणसं रुळांवर. त्यांच्याबद्दल ग्रुपात फार आदर आहे. स्वतःच्या चार टायरांना वाकून बघण्याइतका मात्र तो वाढवू नये.

आता काच. चार माणसं, चार गरम चहाचे कप, सगळ्या खिडक्या बंद आणि विषय असा की श्वास घ्यायला फुरसत नाही. पाच मिनिटांत समोरची काच दुधासारखी. एखादा नवखा म्हणेल, एसी लावा, एसी आतली हवा कोरडी करतो, काच साफ होते. त्याला तिथंच गप्प करा. "थंडीत एसी? येडा हाय का बे?" काच कानटोपीनं पुसायची. कानटोपीला तेल असतं, त्यामुळे समोरून येणारा एक दिवा तुम्हाला सहा दिसतील. सहाही डिपर मारतात. तुम्ही सहांनाही मारा.

दिवा म्हटल्यावर आठवलं. धुक्यात रस्ता दिसत नसेल तर पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून चालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. रेल्वेत शेवटच्या डब्याच्या लाल दिव्याचं फार प्रस्थ आहे. तो स्टेशनवाल्यानं डोळ्यांनी बघितला म्हणजे गाडी सगळीच्या सगळी आली, मध्ये कुठं डबा सुटून राहिला नाही, मग मागच्या गाडीला वाट मोकळी. तोवर मागची गाडी मागच्या स्टेशनातच. हे तुमच्या मागच्या सीटला तोंडपाठ असतं. तुम्ही तोच दिवा दहा फुटांवरून धरा. सावनेरच्या पुढे असाच एक दिवा धरून आपले लोक मोठ्या विश्वासानं चालले होते. दिवा डावीकडे वळला, हे वळले. दिवा थांबला, हेही थांबले. धुक्यातून मफलरवाला चौकीदार आला, त्यानं कारच्या काचेवर टिचकी मारली आणि विचारलं, "कापूस कोठी हाय तुमचा?" ट्रक जिनिंगच्या वजनकाट्यावर आणि कार त्याच्या मागे रांगेत. चौकीदारानं पुढे हेही सांगितलं की काट्यावर उभं राहायचं असेल तर पावती फाडावी लागेल. चौघांपैकी एकानं उतरून काट्याची क्षमता किती टन म्हणून विचारपूस केली, ती वेगळी.

ड्रायव्हिंग सीटवर कोणाला बसवायचं हाही प्रश्न येतो. ज्याची कार आहे त्याला बसवू नका, तो जपून चालवतो. ज्याला डायमंड क्रॉसिंगबद्दल ठाम मत आहे त्याला बसवा. नागपूरच्या माणसाला हा विषय सांगायला नको: स्टेशनमागे मोहननगरच्या बाजूला हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या लायनी एकमेकींना कापतात, ते आपलं डायमंड क्रॉसिंग. तो खरा डायमंड की नावापुरता, असा दुसरा देशात आहे की नाही, यावर मैत्र्या तुटल्यात. आणि हा वाद तोंडानं होतच नाही, दोन्ही हात लागतात. एक पंजा उभा धरायचा, म्हणजे इटारसीची, दिल्लीकडची लाइन. दुसरा आडवा, म्हणजे गोंदियाची, हावड्याकडची. मग बोटं एकमेकांत अडकवून दाखवायचं, हे बघ, इथं कापते. हे रामझुला पुलावर चालत्या कारमध्ये, स्टिअरिंग सोडून दाखवलं की सगळ्यांना नीट कळतं. दुभाजकालाही कळतं, डाव्या दारावर त्याची पांढरी खूण अजून आहे. प्रत्यक्ष रुळांवर जाऊन बघू म्हणाल तर रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा वाद स्टिअरिंगवरच बरा.

विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधून जाऊ नका, एवढंच सांगतो. डिक्कीत तीन पायांचा स्टँड, एक लांब लेन्स आणि मालगाड्यांच्या वेळा लिहिलेली वही. बंदोबस्तावरच्या हवालदारानं ती वही उघडली की तुमची गाडी लेट.

फाटक हा मात्र सुखाचा विषय. बंद फाटक दिसलं की साधा माणूस कपाळावर हात मारतो. तुम्ही कार थेट पहिल्या नंबरला नेऊन लावायची, खाली उतरायचं आणि फाटकवाल्याशी ओळख काढायची. आता अशी फाटकं कमी होत चाललीत, जिकडेतिकडे पूल नाहीतर भुयारी रस्ता. बिनमाणसांची तर ब्रॉडगेजवरून २०१९ सालीच संपली. त्यामुळे मिळालेलं फाटक वाया घालवू नका. फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे 'सी/फा', म्हणजे सीटी/फाटक, असं लिहिलेली पाटी असते, तिथून लोको पायलट लांब हॉर्न देतो. हॉर्न ऐकू आला की चौघांनी चार इंजिनांची नावं घ्यायची आणि जो चुकेल त्यानं पोहे द्यायचे. मागच्या एसटीतले प्रवासी देवाकडे मागतात की गाडी आखूड असू दे. तुम्ही सुपर वासुकीसारखी मागा: १५ ऑगस्ट २०२२ ला कोरब्याहून राजनांदगावला आलेली, २९५ वॅगनांची, साडेतीन किलोमीटर लांब. तशी एक गेली की चहाही होतो आणि मागच्या एसटीशी कायमचं वैरही.

हे सगळं चालू असताना कारचं इंजिन बंद, हेडलाइट चालू, दोन मोबाइल आणि कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला, असं ठेवायचं. थंडीत बॅटरी आधीच मलूल असते. गाडी जाते, फाटक उघडतं, तुम्ही ऐटीत चावी फिरवता आणि बोनेटमधून फक्त 'टक' असा आवाज येतो. मागे एसटी, दोन ट्रॅक्टर, संत्र्याचा टेम्पो, आणि सगळ्यांचे हॉर्न. या हॉर्नना कोणी नावं ठेवत बसत नाही. अशा वेळी शांतपणे खाली उतरून धक्का मारायचा. धक्का मारताना विषय बदलायचा नाही. मधेपुऱ्यात तयार झालेलं, नागपूरला देखभालीला येणारं बारा हजार हॉर्सपॉवरचं डब्ल्यूएजी-१२ इंजिन चढावर किती टन ओढतं, यावर बोलत बोलत चार माणसं आपली मारुती रुळांपार नेत असतात, आणि फाटकवाला हातातली हिरवी झेंडी गुंडाळायची विसरून बघत राहतो.

खरी परीक्षा बैतूलच्या पुढे. धाराखोह ते मरामझिरी हा घाट, तिथं मालगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, आणि हे दृश्य बघितल्याशिवाय ग्रुपात तुम्हाला कोणी रेल्वेवेडा मानत नाही. मुलताईच्या माळावर पहाटे इतकं गार असतं की खिडकी खाली केली तर नाक आपलं वाटत नाही. घाटाजवळ पोचलात की डांबरी रस्ता सोडायचा आणि चांगला अँगल मिळावा म्हणून कार वावरातून काढायची. वावराला रात्रीच पाणी दिलेलं असतं. काळी माती, वरून दिसते घट्ट, आत चाक अर्धं जातं. एक जण ॲक्सिलरेटर दाबतो, दोघं ढकलतात, चौथा चिखलात न्हाऊन निघतो. आणि बरोबर तेव्हाच घाटातून ती येते, पुढे दोन, मागे दोन, धडधडत. ढकलणाऱ्यांपैकी एक जण हात सोडून कॅमेऱ्याकडे पळतो, कार पुन्हा मागे येते आणि आता बंपरही मातीत. फोटो? त्याच्या लेन्सवर चिखल होता.

वावराचा मालक विळा हातात घेऊन शांतपणे येतो. त्याला नमस्कार करा. तो आधी चाकाकडे बघतो, मग तुमच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे, मग रुळांकडे.

"रेल्वे पाहाले आले?"

"हो काका."

"नागपुराहून?"

"हो."

"तिकडं रेल्वे नाही का?"

या प्रश्नाला उत्तर देऊ नका. इटारसी लाइन, घाटाचा चढ, बँकर, हे त्याला सांगू नका. तो पन्नास वर्षं हा घाट झोपेत ऐकतोय. ट्रॅक्टर आणायला तो पोराला हाक मारेल. तोवर त्याच्याकडचा हरभरा सोलून खा.

शेवटी गॅरेज आणि विमा. डावं दार, पुढचा बंपर, एक रिम, आणि येताना कळमेश्वरजवळ ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरनं मागून दिलेला तो धक्का. फॉर्ममध्ये 'अपघाताच्या वेळी चालक काय करत होता' असा काही रकाना आला तर 'वाहन चालवत होता' एवढंच लिहा, खाली 'अप लाइनकडे बघत' हे जोडू नका. आणि साक्षीदार म्हणून मित्रांची नावं तर अजिबात देऊ नका. विमावाल्याचा माणूस फोन करतो. त्या वेळी शेजारून गेलेल्या मालगाडीच्या इंजिनाचा पाच आकडी नंबर तिघंही एका दमात सांगतात, त्याच्या देखभालीच्या शेडसकट. ट्रॅक्टर कोणत्या रंगाचा होता, यावर तिघांची तीन उत्तरं येतात, आणि त्यातलं एक असं की, "कोणता ट्रॅक्टर?"