भूमिकेनं नट गिळला? दाजी, जरा थांबा

गेल्या रविवारी आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर रामाच्या वेशातल्या अरुण गोविल यांचा फोटो, खाली हात जोडल्याच्या चार खुणा आणि मग लांबच लांब मजकूर. हाच मजकूर त्याआधी दहावीच्या बॅचच्या आणि तालमीच्या ग्रुपवर येऊन गेला होता, म्हणजे फिरतोय बराच. म्हणणं असं की, आजही लोक ज्याच्या पाया पडतात त्या रामाला रामायणानंतर कामच मिळालं नाही. मालिकेतली भूमिका लोकांनी डोक्यावर घेतली की ती नटाला गिळते. राम गिळला गेला, कृष्ण गिळला गेला, आता आपल्या मराठी मालिकांतली पोरं गिळली जातायत. कारण प्रेक्षक भोळा, त्यातून खेड्यातला असला तर विचारूच नका. त्याला नट आणि पात्र यातला फरक कळत नाही. जुन्या नाटकवाल्यांचं असं नव्हतं, ते आज राजा तर उद्या चोर. तेव्हा शहाण्या नटानं एका मालिकेत दोन वर्षांच्या वर थांबू नये, नाहीतर आज त्याला कोण ओळखतं अशी गत होते. सत्य कटू असतं, पुढे पाठवा.

दाजी वयानं मोठे, मानानं त्याहून मोठे. ग्रुपवर उलट बोललो तर पाच मिनिटांत ताईचा फोन येणार. म्हणून इथं लिहितो.

फोटो रामाचा आहे, तर रामापासूनच धरू. ‘रामायण’ दूरदर्शनवर 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं आणि 31 जुलै 1988 पर्यंत चाललं. त्यानंतर गोविल यांना धंदेवाईक सिनेमाची कामं येईनाशी झाली, हे त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितलंय. ते मी नाकारत नाही. देवाचं काम केलेल्या माणसाला गुंडाचं किंवा बागेत गाणी म्हणणाऱ्या नायकाचं काम द्यायला निर्माता कचरणारच. पण मेसेजमधलं चित्र वेगळं आहे: चांगला धावता नायक होता आणि रामानं त्याचं वाटोळं केलं. 1979 च्या ‘सावन को आने दो’नं गोविल यांचं नाव झालं खरं, पण 1985 मध्येच ते ‘विक्रम और बेताल’साठी खांद्यावर वेताळ घेऊन टीव्हीवर आले होते. तीही मालिका रामानंद सागर यांचीच. रामामुळं सिनेमा सुटला, की सिनेमातलं काम पातळ झालं होतं म्हणून रामासाठी वेळ होता, हे मेसेज लिहिणाऱ्यानं कशावरून ठरवलं?

आणि एक गंमत ठाऊक नसेल तर सांगतो. 1997 मध्ये ‘लव कुश’ नावाचा सिनेमा आला. त्यात राम झाले जितेंद्र. लक्ष्मण कोण? अरुण गोविल. ज्याला रामाशिवाय दुसरं काही करताच आलं नाही असं आपण म्हणतोय, तो माणूस दहा वर्षांत धाकटा भाऊ होऊन दुसऱ्याच रामाच्या मागं उभा राहिला. 2024 मध्ये ‘आर्टिकल 370’मध्ये पंतप्रधान झाला, आणि त्याच वर्षी मेरठमधून खराखुरा खासदार.

कृष्णाचं तर आणखी सोपं आहे. नितीश भारद्वाज आपलाच मराठी माणूस, शिक्षणानं जनावरांचा डॉक्टर. ‘महाभारत’ 1988 ला सुरू झालं. 1996 मध्ये ते जमशेदपूरहून लोकसभेवर गेले, 2013 मध्ये त्यांनी ‘पितृऋण’ हा मराठी सिनेमा दिग्दर्शित केला, 2018 च्या ‘केदारनाथ’मध्ये नायिकेचा बाप केला. गिळलेल्या माणसाला इतका उद्योग करता येत असेल तर आम्हालाही कुणीतरी गिळा.

तालमीच्या ग्रुपवर तरी हा मेसेज टाकायला नको होता. तिथं दारासिंग यांना हनुमान म्हणून ओळखणारा एक गडी दाखवा. रामायणाच्या आधी, 1976 च्या ‘बजरंगबली’तही ते हनुमानच होते, म्हणजे गिळायला भूमिकेला दोनदा संधी मिळाली. पण आमच्या तालमीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या फोटोशेजारी दारासिंग यांचा जो फोटो आहे, तो लंगोटातला आहे, शेपटीचा नाही.

आता खेड्यातला भोळा प्रेक्षक. इथं मला खरा राग आला.

आमच्या गावात, कराडपासून एसटीनं अर्ध्या तासावर, यात्रेच्या दुसऱ्या रात्री नाटक असतं. मी शाळेत असताना एका वर्षी ‘तो मी नव्हेच’ बसवलं होतं. लखोबा लोखंडेचं काम केलं एसटीतल्या एका कंडक्टरनं. फिरता रंगमंच कुठला आणायचा, तर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आणि मध्ये पडदा. त्या रात्रीपासून तो माणूस लखोबा झाला, तो आजतागायत. गाडीत पुढच्या दारातून आवाज यायचा, “लखोबा, दोन फुल एक हाफ कराड!” हा तिकिटं फाडून द्यायचा. उरलेले सुट्टे पैसे मागितले की कोर्टात उभं राहिल्यासारखा छातीवर हात ठेवून म्हणायचा, “तो मी नव्हेच!” गाडी हसायची. उतरताना मात्र चार आणे हातावर ठेवायचाच. त्याच्या पोरीच्या लग्नाला सगळं गाव गेलं, पत्रिकेत त्याच्या नावापुढं कंसात लखोबा छापलं होतं. आता लखोबा म्हणजे बायका फसवणारा भामटा. याला लखोबा म्हणणाऱ्या एकाही माणसानं त्याच्याकडं लेकीबाळी पाठवताना विचार केला नाही. उलट रात्रीची शेवटची गाडी असली आणि त्यावर लखोबा असला, तर बायका निर्धास्त बसायच्या.

टोपणनाव ठेवलं म्हणजे फरक कळत नाही, हे कुणी ठरवलं? आमच्याकडं प्रेमानं ठेवलेलं नाव हे असंच असतं, काढू म्हटलं तरी निघत नाही.

आमची आत्या 1987 मध्ये रविवारी सकाळी डोकं धुऊन, उदबत्ती लावून गुरुजींच्या घरी रामायण बघायला जायची. चपला बाहेर. भोळेपणाचं याहून मोठं उदाहरण मेसेजवाल्याला मिळणार नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये 28 मार्चपासून रामायण पुन्हा लागलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला, तेव्हाही तिनं दोन्ही वेळा हात जोडले. त्याच दिवसांत कुठल्याशा चॅनेलवर गोविल यांची मुलाखत लागली होती, शर्ट-पँटमध्ये. मी मुद्दाम खोडी काढली, “आत्या, राम आलाय, नमस्कार कर की.” ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “ह्यो रामाचं काम करणारा. रामाला मगाशी केला की नमस्कार. ह्याला च्या दे म्हणावं कुनीतरी, लई येळ बोलतोय.”

तरीही पटत नसेल तर 1991 ची लोकसभा बघा. गुजरातमध्ये बडोद्यातून दीपिका चिखलिया निवडून आल्या, म्हणजे सीता. त्याच निवडणुकीत, त्याच राज्यात, त्याच पक्षाकडून साबरकांठामधून निवडून आले अरविंद त्रिवेदी. म्हणजे रावण. फरक न कळणाऱ्या प्रेक्षकानं सीता आणि रावण एकाच बाकावर पाठवले म्हणायचं का? प्रसिद्धीचा फायदा झाला हे उघड आहे. पण लोक जर पात्रालाच माणूस समजत असते, तर रावणाची अनामत जप्त व्हायला हवी होती.

जुन्या नाटकवाल्यांबद्दल सांगलीच्या शेजारी राहून मी फार बोलायला नको. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीत. आपल्या रंगभूमीची सुरुवातच रामापासून झाली. आणि आमच्या कंडक्टरचा मूळ पुरुष, प्रभाकर पणशीकर? ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग 8 ऑक्टोबर 1962 ला दिल्लीत झाला आणि त्यानंतर पणशीकर कित्येक दशकं निपाणीचा लखोबा करत राहिले. दोन वर्षांचा नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता. याच पणशीकरांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये औरंगजेब केला, ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये सरळमार्गी प्राध्यापक विद्यानंद केला. लोकांनी ही तिन्ही कामं तिकीट काढून बघितली आणि बाहेर पडून पुन्हा त्यांना लखोबाच म्हणाले. चिकटलेली भूमिका नाटकात तेवढी कलेचं शिखर आणि टीव्हीवर तीच शाप, हा कुठला न्याय?

टीव्हीचंच उदाहरण पाहिजे असेल तर मुंबई दूरदर्शनवरचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घ्या. एकच मालिका, दोन नट. बाळ कर्वे जन्मभर गुंड्याभाऊ म्हणून ओळखले गेले. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर पुढं टिपऱ्यांचे आबा झाले, तात्या विंचू झाले, ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी झाले आणि 2006 सालचा राष्ट्रीय पुरस्कारही घेऊन आले. गिळणं हा भूमिकेचा गुण असता तर दोघांनाही सारखंच गिळलं असतं.

राहता राहिली आपली पोरं. झी मराठीवरची ‘लागिरं झालं जी’ ही मालिका 2017 ला सुरू झाली तेव्हा साताऱ्यात काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पोवई नाक्यावर चहा पिणारा प्रत्येक जण शूटिंग कुठं चाललंय ते छातीठोक सांगायचा, आणि प्रत्येकाचं ठिकाण वेगळं. फौजेत जायचं म्हणून पहाटे पळणारा अज्या आम्हाला मालिकेनं दिलेला नाही. अपशिंग्यासारखं गाव, ज्याच्या नावातच मिलिटरी आहे, ते याच जिल्ह्यातलं. प्रत्येक गल्लीत एक अज्या भरतीची तयारी करत होताच, मालिकेनं फक्त त्याला चेहरा दिला. म्हणून ते नाव चिकटलं.

आता त्याच मालिकेतला खलनायक बघा. किरण गायकवाड, भैय्यासाहेब. जून 2019 मध्ये मालिका संपली आणि ऑगस्ट 2020 मध्ये तोच नट ‘देवमाणूस’मध्ये गावाचा लाडका डॉक्टर होऊन आला, जो आतून खुनी निघतो. तेच चॅनेल, बघणारे लोकही तेच. आमच्या घरात पहिले चार दिवस “अगं, हा भैय्या” चाललं. पाचव्या दिवसापासून तो डॉक्टर. पुढं याच भूमिकेसाठी मालिकेचे आणखी भाग काढावे लागले. कुठं आडवा आला भैय्यासाहेब?

अज्या झालेला नितीश चव्हाण मात्र झी मराठीवर नायक म्हणून परत दिसायला 2024 उजाडलं, ‘लाखात एक आमचा दादा’मध्ये. मधली पाच वर्षं दाजी माझ्या तोंडावर मारतील, म्हणून मीच आधी सांगतो. पण ती वर्षं प्रेक्षकानं लावली का? चार बहिणींचा सूर्यादादा आला तेव्हा लोकांनी त्याला लगेच घरात घेतलं. उशीर झाला तो काम देणाऱ्यांच्या बाजूला. रोजच्या मालिकेत नट दिवसाचे बारा-बारा तास अडकलेला, त्या काळात दुसरं काम घेणं मुश्कील. मालिका संपली की वाहिनीला नवा चेहरा हवा. जो जुन्याला बोलावतो त्याला पुन्हा तसलाच फौजी हवा. हा धंद्याचा हिशेब आहे आणि त्याचं खापर मेसेजवाला आमच्या आत्याच्या डोक्यावर फोडतोय.

दोन वर्षांत मालिका सोडावी, हा सल्ला ज्यानं लिहिला त्यानं मालिकेच्या नटाचं उत्पन्न बघितलेलं दिसत नाही. गणपतीत, दहीहंडीला, दुकानाच्या उद्घाटनाला सुपारी मिळते ती पात्राच्या जिवावर. फ्लेक्सवर पात्राचं नाव हातभर आणि नटाचं खाली बारीक. घराचे हप्ते त्या हातभर नावावर जातात. सोडा म्हणे दोन वर्षांत!

आणि दाजी, मेसेज पुन्हा एकदा वाचा. सुरुवातीला म्हटलंय की आजही लोक त्याच्या पाया पडतात. शेवटी म्हटलंय की आज त्याला कोण ओळखतं. यातलं नक्की कुठलं, ते आधी ठरवा आणि मग काय तो पुढं पाठवा.