लढाऊ विमाने घ्यावीत, पण हिशेब इंजिनापासून मांडावा

नव्या लढाऊ विमानांवर देशाने मोठा खर्च करावा का, या प्रश्नाला माझे उत्तर 'करावा' असेच आहे. मात्र करार झाला की विमानांची संख्या आणि कोटींचा आकडा एवढ्यावरच आपली चर्चा संपते, हे मला पटत नाही.

हवाई दलाला मंजूर असलेल्या स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२ आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले आणि हाती २९ स्क्वाड्रन उरल्या. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमाने असतात हे लक्षात घेतले, तर पाकिस्तान आणि चीन अशा दोन्ही सीमांसाठी ही तूट किती मोठी आहे ते सहज कळते.

विदर्भात हा विषय निघाला की शेतकऱ्यांचे काय, असा प्रश्न येतोच, आणि तो यायलाच हवा. पण विदर्भातल्याच गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला तरी कालव्यांची कामे रेंगाळतच राहिली. हे पाणी काही फ्रान्सकडून घेतलेल्या राफेल लढाऊ विमानांनी अडवले नव्हते. विमानखरेदी रद्द केली की तेवढी रक्कम आपोआप बांधावर पोहोचेल, असे मानायला आपला अनुभव तरी आधार देत नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या विभागाचे, मुख्यालय आपल्या नागपुरात, वायुसेनानगरात आहे. तरीही विमान विकत घेणे आणि ते उडत ठेवणे हे दोन स्वतंत्र खर्च आहेत, याची चर्चा या शहरातही फारशी होत नाही. सुखोई-३० विमानांपैकी प्रत्यक्ष उड्डाणाला सज्ज असलेल्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांच्या अपेक्षेसमोर ५५ ते ६० टक्केच असल्याचे कॅगने २०१५ मध्ये नोंदवले होते. शंभर विमानांचा ताफा धरला, तर ५५ वरून ७५ वर जाणे म्हणजे एकही नवे विमान न घेता एका स्क्वाड्रनहून अधिक बळ मिळवणे होय, आणि त्यासाठी लागतात ते सुटे भाग, दुरुस्तीची सोय आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ. २०१६ च्या ३६ राफेलच्या सुमारे ५९ हजार कोटींच्या करारात पाच वर्षांसाठी ७५ टक्के सज्जतेची हमी विकणाऱ्याकडून घेतली होती. त्या कराराच्या किमतीवर देशभर रणकंदन माजले, पण त्यातल्या या शहाण्या अटीबद्दल क्वचितच कोणी बोलले.

इंजिनाची गोष्ट तर त्याहून जुनी आणि क्लेशदायक आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेले एचएफ-२४ मारुत हे भारतात बनलेले लढाऊ विमान १९६१ मध्ये उडाले. सांगाडा उत्तम होता, पण त्याला साजेसे इंजिन अखेरपर्यंत मिळाले नाही. १९८६ मध्ये हाती घेतलेले देशी कावेरी इंजिन पुढे तेजस या देशी हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पापासून वेगळे करावे लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांची मागणी नोंदवली गेली, पण त्यांच्यासाठीच्या अमेरिकी एफ-४०४ इंजिनांपैकी पहिले आले मार्च २०२५ मध्ये. मध्यंतरी दोष मात्र तेवढा तेजस बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या माथी मारला गेला. दिरंगाई त्यांचीही होतीच, नाही असे नाही. पण इंजिनच हाती नसेल तर नाशिकसारख्या आणखी कितीही उत्पादन साखळ्या उघडल्या तरी विमान धावपट्टीवर येणार नाही.

म्हणूनच आणखी ११४ राफेल विमानांच्या प्रस्तावाकडे पाहताना मला ती नेमकी किती येणार यापेक्षा सोबत काय येणार, हे महत्त्वाचे वाटते. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या दासो-रिलायन्स कारखान्यात फाल्कन या खासगी प्रवासी विमानांचे भाग बनतात आणि नागपूरकर म्हणून त्याचा मला आनंदही आहे, परंतु सुटे भाग बनवणे, जोडणी करणे आणि इंजिन घडवणे यांत फार मोठे अंतर आहे. इंजिनातील सर्वाधिक तापणाऱ्या टर्बाइनची पाती कशी ओतायची आणि त्यांना थंड कसे ठेवायचे, हे तंत्र आपल्याला मिळणार की नाही, ते करारात स्पष्ट लिहिलेले असावे. आणि परदेशी खरेदीवर जेवढा खर्च होईल, त्याचा ठरावीक हिस्सा देशी इंजिन संशोधनासाठी दरवर्षी वेगळा काढून तो अन्य कोणत्याही शीर्षाखाली वळवता येणार नाही, अशी तरतूद संसदेने अर्थसंकल्पातच करावी.