बायको उडते, मी ओढतो

रविवारी एका अनोळखी जर्मन आजोबांनी मला भर चौकात विचारलं, "तुम्ही या ट्रेलरमधून हवा वाहून नेताय का?" दुर्दैवाने उत्तर 'हो' असं होतं.

थोडक्यात सांगतो. माझी बायको ग्लायडर उडवते. माहेर हडपसरचं. लहानपणी गच्चीतून तिथल्या ग्लायडिंग सेंटरची ग्लायडरं विंचच्या (जमिनीवरून दोरी गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राच्या) दोरीवर वर चढताना बघितली आणि ते खूळ डोक्यात बसलं. श्टुटगार्टजवळ आमच्या नोकऱ्या लागल्यावर ते बाहेर आलं. ग्लायडरला इंजिन नसतं. गरम हवा वर जाते, तिच्यावर घिरट्या घालत तेही वर जातं. हवा थंडावली आणि धावपट्टी दूर राहिली, की दिसेल त्या कापणी झालेल्या शेतात उतरायचं. इथे हे कायदेशीर आहे. शेतमालकाला नाव, पत्ता आणि विम्याचा तपशील दिला, की त्याला ग्लायडर अडवून ठेवता येत नाही. कायद्याने सगळी सोय केलीय ती उडणाऱ्याची. मग ते रस्त्याने परत आणायला नवरा निघतो.

तसं पाहिलं तर हे सगळं व्हर्सायच्या तहाचं देणं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली. मग पोरांनी बिनइंजिनाची करायला घेतली आणि 1920 मध्ये वासरकुप्पं नावाच्या डोंगरावर स्पर्धाच भरवली. हरले ते, तह केला दोस्त राष्ट्रांनी आणि शंभर वर्षांनी गाडीच्या हुकाला ट्रेलर अडकवतोय कोण, तर हडपसरचा जावई.

ट्रेलर ओढायलाही शास्त्र आहे. ग्लायडरचे पंख टोकापासून टोकापर्यंत 15 मीटर, आणि रस्त्यावर वाहनाची रुंदी 2.55 मीटरच्या वर चालत नाही. म्हणून पंख उपसून कडेवर उभे ठेवायचे, शेपटीवरचा आडवा भाग काढायचा, मधलं धूड चाकाच्या पाळण्यावरून आत सरकवायचं. वेग ताशी 80. ऑटोबानवर 100 ने जाता येतं, पण त्यासाठी ट्रेलरवर वेगळं स्टिकर लागतं, आणि टायर सहा वर्षांहून जुने झाले की तो मान जातो. आमचा मान कधीच गेलाय.

तर रविवारी दुपारी बायकोचं लोकेशन आलं. सोबत फक्त एक अंगठा. मी निघालो. वाटेत एका खेड्यात बेकरी उघडी दिसली. जर्मनीत रविवारी उघडं दुकान दिसलं की माणूस भूक नसतानाही थांबतो. मला तर भूक होती. गाडी कडेला घेतली, दार उघडलं, तेवढ्यात काचेपाशी एक आजोबा आणि त्यांचा बुटका, लांबुडका कुत्रा.

"थांबलाय की पार्किंग केलंय?"

"थांबलोय."

"तीन मिनिटांच्या वर गेलं की पार्किंग. गाडी सोडून गेलात तर लगेच पार्किंग."

"मी गाडीतच आहे."

त्यांनी खाली पाहिलं. "एक पाय बाहेर आहे."

मी पाय आत घेतला. चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, घरचं कर्ज फेडणारा माणूस, आणि मी मुकाट्याने पाय आत घेतला! आजोबांनी घड्याळात वेळ बघून ठेवली आणि मागे जाऊन पावलांनी ट्रेलर मोजू लागले. कुत्राही मोजत होता. परत आले.

"यात होडी आहे?"

"विमान."

"विमान एवढं अरुंद नसतं."

"पंख काढून ठेवतात."

"नंबरप्लेटची अक्षरं हिरवी आहेत. म्हणजे करमाफी."

ही हिरवी भानगड सांगायला हवी. आपल्याकडे हिरवी पाटी म्हणजे विजेवरची गाडी. इथे पांढऱ्या पाटीवर हिरवी अक्षरं म्हणजे कर माफ, आणि खेळाच्या सामानाच्या ट्रेलरला ती मिळतात, पण त्यातून फक्त खेळाचंच सामान न्यायचं. घर बदलताना मित्राची गादी टाकली, तर संपलं. म्हणूनच इंडियन स्टोअरमधलं दहा किलो आट्याचं पोतं मी कायम मागच्या सीटवर पट्टा लावून बसवतो.

"खेळाचं सामान आहे," मी म्हणालो.

"दाखवा."

दाखवायला नको होतं, ते काही पोलीस नव्हते. पण परक्या देशात 'दाखवा' म्हटलं की हात आपोआप खिशाकडे जातो. आजोबांच्याच परवानगीने दोन्ही पाय बाहेर काढून मी ट्रेलरचं झाकण उचललं. आत पाळणा, दोन पट्टे आणि एक जुना स्पंज.

"रिकामा आहे."

"हो."

"म्हणजे आत्ता यात खेळाचं सामान नाही. तुम्ही या ट्रेलरमधून हवा वाहून नेताय का?"

"सामान आणायलाच चाललोय."

"विमान कुठे आहे?"

"शेतात."

"कुणाच्या?"

"माहीत नाही."

"तिथे कसं गेलं?"

"माझ्या बायकोने उतरवलं."

इथे ते पहिल्यांदा गप्प झाले. मग कुत्र्याकडे बघून म्हणाले, "बायको विमानासकट शेतात पडलीय आणि हा ब्रेत्झेल खायला थांबलाय."

मी तोवर ब्रेत्झेल खाल्लंही नव्हतं.

मग ते यायचंच होतं. "तुम्ही मूळचे कुठले?" भारतातला, म्हटलं. "भारतात चालत असेल असं."

मला चांगलंच लागलं. तावातावाने सांगणार होतो की आमच्याकडे विमानं रस्त्याने कशी झोकात जातात, तेवढ्यात डिसेंबर 2023 आठवला. मुंबईहून आसामकडे ट्रेलरवरून निघालेलं भंगार विमान बिहारमध्ये मोतिहारीजवळ पुलाखाली अडकलं होतं आणि लोक त्याच्यासोबत सेल्फी काढत होते. गप्प बसलो. पण खरं सांगतो, त्या पुलाखालच्या ड्रायव्हरला कुणी 'तुम्ही मूळचे कुठले' असं नक्कीच विचारलं नसेल.

इथे आल्यावर माझं भारतीय लायसन्स सहा महिनेच चाललं. मग पुन्हा लेखी परीक्षा, पुन्हा गाडी चालवून दाखवणं, मास्तरांची फी वेगळी. गाडी नि ट्रेलर मिळून किती वजन कुठल्या लायसन्सवर चालतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. हुक काढून ठेवलेला ट्रेलर रस्त्यावर दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, हेही सांगतो. त्याच चौकात समोर एक होडीचा ट्रेलर दोन गाड्यांची जागा अडवून उभा होता. त्याचा मालक बेकरीत निवांत कॉफी पीत होता, दोन्ही पाय गाडीच्या बाहेर. आजोबांनी जाताना त्याला हात केला.

मी उपाशीच निघालो.

शेतात पोचलो तर बायको शेतकरीणबाईंबरोबर आलुबुखाऱ्याचा केक खात बसलेली. केक संपत आला होता. "एवढा वेळ?" ती म्हणाली. मी आजोबा सांगायला घेतले, तर म्हणते, "अरे, पण त्यांचं बरोबरच होतं ना? पाय बाहेर काढलास कशाला?" मग पंख उपसले. पंखाचं जड टोक नेहमी माझ्याकडे असतं, कारण हलकं टोक धरायला अनुभव लागतो म्हणे. गव्हाची खुंटं पायजम्यातून टोचत होती.

परतताना 80 च्या वेगात आमच्यामागे गाड्यांची वरात. बायको मोबाइलवर आपलं उड्डाण क्लबला पाठवत होती. किती किलोमीटर, किती उंची, त्याचे गुण मिळतात. जाऊन-येऊन मी चालवलेल्या अंतरासाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही.

या खेळात एक जुना रिवाज आहे. जो शेतात उतरतो, त्याने आणायला येणाऱ्याला जेवू घालायचं. बायको रिवाज पाळते. वाटेत एका हॉटेलात थांबलो (ट्रेलरसाठी अधिकृत जागा बघून), मी पोटभर जेवलो, तिने ऐटीत बिल मागवलं आणि कार्ड पुढे केलं.

आमचं खातं जॉइंट आहे.