सुरक्षित अंतर ठेवा

समजा, एखादं शहर तुमच्या हाती आलंय आणि तिथल्या एका जमातीला जन्मभर कामाच्या शोधात ठेवायचंय. नवशिके इथे हमखास चुकतात. कारखान्याच्या फाटकावर पाटी लावतात, ‘अमक्यांना प्रवेश नाही’. तसं करू नका, पाटीचा फोटो निघतो. फाटक सताड उघडं ठेवा, फक्त त्या लोकांची घरं उचलून लांब नेऊन ठेवा. मग कोणी आलंच नाही, तर त्याला तुम्ही काय करणार?

हे रीतसर शिकायचं तर दक्षिण आफ्रिकेलाच गुरू करा. निमित्त कसलंही चालतं. १९०४ साली जोहान्सबर्गच्या भारतीय वस्तीत प्लेग आला. (तिथे वकिली करणारे गांधी तेव्हा रुग्णांची शुश्रूषा करत होते.) वस्ती जाळली आणि तिथली भारतीय व कृष्णवर्णीय माणसं शहराबाहेर क्लिपस्प्रूटला, मैलापाण्याच्या शेताशेजारी, नेली. साथ गेली, पण कृष्णवर्णीय तिथेच राहिले. पुढे त्या भागाचं सोवेटो, म्हणजे कृष्णवर्णीयांची अवाढव्य वस्ती, झालं.

साथीची वाट पाहणं जमत नसेल तर कायदा करा. कोणत्या वंशाने कुठे राहायचं, हे ठरवणारा कायदा तिथे १९५० साली झाला. केपटाउनचा ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ म्हणजे शहराच्या कुशीतली, गोदीपासून हाकेच्या अंतरावरची वस्ती. १९६६ साली ती गोऱ्यांसाठी राखीव ठरली आणि ६०,००० हून जास्त माणसं शहराबाहेरच्या केप फ्लॅट्सच्या वाळूत जाऊन पडली. गंमत म्हणजे, मोकळी केलेली बरीचशी जमीन पुढे कित्येक वर्षं ओसाडच राहिली. म्हणजे जागेची निकड होती, असंही नाही.

एक धोका मात्र ओळखून असा. माणसं चालू शकतात. १९५७ साली जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या बसचं भाडं चार पेनींवरून पाच झालं, तर हजारो लोक बस सोडून महिनोन्‌महिने पायी कामाला गेले, एका बाजूला सुमारे १५ किलोमीटर. शेवटी तो एक पेनी त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांच्या खिशातून काढावा लागला. त्यापेक्षा आधीच अनुदान देऊन मोकळे व्हा. कृष्णवर्णीयांसाठी लांब आखून दिलेल्या क्वानडेबेले या प्रदेशातून प्रिटोरियाकडे अशा अनुदानित बस अपरात्रीच सुटायच्या, झोपायची सोय बसमध्येच. पैसा बसवर घाला. कामाजवळ घर देण्यावर तेवढा घालू नका.

राज्य पालटलं तरी घाबरू नका. १९९४ साली वर्णभेदी राजवट गेली, त्यानंतर नव्या सरकारने ३० लाखांहून जास्त घरं दिली. कौतुकच आहे! पण स्वस्त जमीन मिळणार कुठे? बहुतेक वेळा गावाबाहेरच. तुमचं काम आता तुमचे विरोधकच करतात, तेही फीत कापून.

आणि निकाल? २०२४ मध्ये गोऱ्यांतली बेकारी १० टक्क्यांच्या आत, कृष्णवर्णीयांतली ३५ च्या वर. शाळांची दैना, ओळखीपाळखी, जुनं भांडवल, ही कारणंही आहेतच. ती पुढे करा, अंतराचा विषय आपोआप मागे पडतो. काम शोधायला जायचं म्हणजे टॅक्सीचं (तिथे टॅक्सी म्हणजे सर्वांची मिनीबस) भाडं, तेही काम मिळेल की नाही हे ठाऊक नसताना. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. चार खेपा फुकट गेल्या की माणूस घरी बसतो. तो बसला, की त्याला आळशी म्हणायला तुम्ही मोकळे.

तरीही एखादा मुलाखतीला पोचलाच, तर राहतो कुठे ते विचारा. ‘खायेलित्शा’ (केपटाउनच्या टोकाची अशीच एक वस्ती) म्हणाला, की चष्मा काढा आणि हळूच म्हणा, “अरेरे, फारच लांब पडेल हो तुम्हाला.” आवाजात खरी काळजी असू द्या.