‘फुलपाखरांसाठी घाणेरीच लावा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

मधमाश्या आणि फुलपाखरे यावीत म्हणून कुंपणाला घाणेरी, म्हणजेच टणटणी, लावावी. ती पाण्यावाचून जगते, कुंपणातच राहते आणि उन्हाळ्यात फुलणारे देशी झुडूप आपल्याकडे नाहीच, असा सल्ला सध्या मोबाइलवरून फिरत आहे. घाणेरीवर फुलपाखरे येतात आणि ती कमी पाण्यात तगते, एवढेच त्यातले खरे आहे.

देशी झुडपे उन्हाळ्यात फुलत नाहीत, हे विधान सह्याद्रीच्या कोणत्याही उघड्या उतारावर खोटे ठरते. गवत वाळून गेलेले असताना, साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, धायटी या देशी झुडपाच्या फांद्या पानांच्या बेचक्यांतून निघालेल्या तांबड्या झुबक्यांनी लगडलेल्या असतात. तिच्या पाकळ्या अगदी चिमुकल्या असतात. लांबून दिसणारी लाली असते ती निदलांच्या, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाच्या, नळीची, आणि मध त्या नळीच्या तळाशी असतो. शिंजीर आपली बाकदार चोच तिथे घालतो, तर मधमाश्यांच्या अंगाला नळीबाहेर आलेल्या पुंकेसरांचे पराग लागतात. पाण्याचे म्हणाल, तर खडकाळ, उथळ मातीत वाढणाऱ्या या झुडपाला पहिला उन्हाळा सांभाळले की पुढे फारसे पाहावे लागत नाही.

फुलपाखरे आली म्हणजे त्यांची सोय झाली, हा समज अधिक नुकसानकारक आहे, कारण मध फक्त प्रौढ फुलपाखराच्या कामाचा असतो आणि अळीला ठराविक वनस्पतीचीच पाने लागतात. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईवर अंडी घालते, तर महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेले नीलवंत लिंबाच्या कुळातील झाडांवर. धायटीनेही ही गरज भागत नाही, म्हणून तिच्या जोडीला रुई आणि कागदी लिंबू हवेच.

घाणेरी कुंपणात राहत नाही. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती शोभेसाठी आणली गेली आणि तिची फळे खाणाऱ्या बुलबुलांसारख्या पक्ष्यांमार्फत रानोरान पोहोचली. तिची पाने खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते आणि उन्हाने त्यांची कातडी सोलवटते.

धायटीची रोपे रोपवाटिकेत सहज मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. तरीही डोंगरावरचे झुडूप उपटू नये. उन्हाळ्याअखेर सुकलेल्या बोंडांतले थोडे बी आणावे आणि पावसाच्या तोंडावर वाळूमिश्रित मातीवर नुसते भुरभुरावे. ते फार बारीक असल्याने खोल पुरल्यास उगवत नाही. छाटणी फुलोरा संपल्यावरच करावी.