काका, कट दोन मिनिटांचाच आहे हो, प्रश्न त्याचा नाहीये

काका, नमस्कार. आजोबा म्हणून लिहितोय म्हणालात, तरी मी काकाच म्हणते, चालेल ना? बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. माझ्या आधीच्या पोस्टवर काकांचं म्हणणं असं की अडीच वर्षांच्या पोरीची जीभ खाली चिकटलीये हे माहीत असूनही आम्ही जिभेखालचा पडदा कापायचं ऑपरेशन आत्ता नको म्हटलं हा शुद्ध हलगर्जीपणा आहे, त्यांच्या नातवाचं दहाव्या दिवशी ओपीडीतच कात्रीने केलं, दोन मिनिटांत आटोपलं, तो आता धडाधड बोलतो, आणि मी मात्र भुलीचा बाऊ करून लेकीला शाळेत सगळ्यांकडून ‘बोबडी’ म्हणवून घेणार आहे. वर ‘हल्लीच्या आया डॉक्टरपेक्षा गुगलचं जास्त ऐकतात’ असा आहेरही आहे.

आता तुमच्या नातवाचं. दहाव्या दिवशी केलंत ते योग्यच केलंत, दूध ओढता येत नव्हतं, सुनेला पाजताना जीव नकोसा होत होता असं तुम्हीच लिहिलंय. त्या वयात तो पडदा पातळ असतो, बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळलं की हलत नाही, कट झाला की लगेच आईला पाजायला देतात, झालं. आणि २०१७ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये सुद्धा (ह्यात एकाच उपचारावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासतात), म्हणजे पाच ट्रायल्स आणि ३०२ बाळं एकत्र बघून, ठळक फायदा काय दिसला तर आईचं दुखणं थोड्या काळात कमी होतं. बाळाच्या पिण्यात सगळीकडे सारखा फरक दिसला असं नाही, आणि बोलण्याचा तर त्यात विषयच नव्हता. नातू बोलतो ही आनंदाचीच गोष्ट आहे पण तो कटमुळे बोलतो हे कशावरून? न कापलेली पोरंही बोलतातच की.

आमच्या बाईसाहेब अडीच वर्षांच्या. तोंडभर दात, डॉक्टरांनी नुसती टॉर्च दाखवली तर बोट चावायला निघालेली. हिच्या तोंडात जागेपणी कात्री कोण घालणार? म्हणजे पूर्ण भूल आली. म्हणजे सकाळी सहा तास आधीपासून दूध बंद (आमच्याकडे उठल्या उठल्या दूध मिळालं नाही तर सोसायटी जागी होते), सलाईनची सुई, आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी नाक वाहत नसलं पाहिजे. सर्दी-खोकला असला की भुलीत श्वासाचा त्रास होण्याची भीती वाढते म्हणून भूलतज्ज्ञ तारीख पुढे ढकलतात, आणि प्लेग्रुपला जाणारं पुण्यातलं पोर जुलै-ऑगस्टमध्ये सर्दीशिवाय दाखवा मला. तेव्हा कट तोच असला तरी दहा दिवसांच्या बाळाचं आणि हिचं ऑपरेशन एक नाही काका.

भुलीने मेंदूवर परिणाम होतो असं मी लिहिलंय असं तुम्ही म्हणता, मी ते कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचा प्लीज. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये इशारा दिला होता तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. हर्नियाच्या ऑपरेशनला तासाभराच्या आसपास भूल दिलेली तान्ही बाळं पाचव्या वर्षी तपासली तेव्हा बुद्धीत फरक दिसला नाही, हे २०१९ मध्ये छापून आलंय. त्यामुळे गरज असेल तर मी उद्या सकाळी सही करून देईन. पण गरज कसली हे आधी कोणीतरी सांगा ना! ‘छोटंसंच आहे, करून टाका’ हे कारण नाही होऊ शकत.

आमच्याकडे सगळ्यांनी सांगितलेलं कारण एकच, उशिरा बोलतीये. जीभ चिकटल्यामुळे काही अक्षरं अडू शकतात, पण मूल शब्दच काढत नाही, दोन शब्द जोडत नाही, ह्याचं खापर जिभेखालच्या पडद्यावर फोडता येत नाही. तिथे आधी कान बघायचे. म्हणून आम्ही पहिल्यांदा ऐकण्याची तपासणी केली, कारण सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहिलं तरी मूल मागे पडतं आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. कान ठीक निघाले. मग स्पीच थेरपिस्ट.

ह्या बाईंनी काय केलं ते सांगते कारण मला तेच सगळ्यात पटलं. तोंडात बोट नाही, टॉर्च नाही. डब्यातून श्रीखंड काढलं आणि वरच्या ओठावर एक ठिपका, मग डाव्या कोपऱ्यात, मग उजव्या. आणि गप्प बसून बघत राहिल्या. जीभ बाहेर आली तेव्हा टोकाला मध्ये खाच पडून बदामासारखी दिसत होती, वरच्या ओठापर्यंत जेमतेम पोचली पण पोचली, दोन्ही कोपरे तर सफाचट. मग चित्रं दाखवून ‘टोपी’, ‘लाडू’, ‘बाळ’, ‘रिक्षा’. टोपी आणि लाडू स्वच्छ, बाळचं बाल, रिक्षाची लिक्षा. त्या म्हणाल्या ट आणि ल म्हणता येतोय म्हणजे टोक वर जातंय, र तर ह्या वयात भल्याभल्यांचा येत नाही, ळ चं चार वर्षांपर्यंत बघू. इंग्रजी साइट्सवर सगळं त्यांच्या थ आणि र वर लिहिलेलं असतं, ळ साठी जीभ मागे वळवायला लागते हे तिथे कोण सांगणार! तर गुगलवर नाही, ह्या श्रीखंडावर ठरवलंय आम्ही.

आणि डॉक्टरांचं ऐकलं नाही हेही खरं नाही. बालशल्यचिकित्सकांनी बघून ‘आत्ता घाई नको’ म्हटलं. ‘आत्ताच करा’ म्हणणारं एकच ठिकाण होतं, तिथे तपासायच्या आधी लेझरच्या पॅकेजचा कागद हातात आला, वरच्या ओठाखालच्या पडद्याचंही सोबत करून घ्या म्हणे, पुढच्या दातांत फट राहील. दुधाच्या दातांतली फट! पक्के सुळे येईपर्यंत ती बऱ्याचदा आपोआप मिटते, त्यामुळे ऑर्थोडॉन्टिस्ट तोवर सहसा थांबतात. लेझरने कात्रीपेक्षा निकाल चांगला लागतो असंही काही सिद्ध झालेलं नाहीये, बिल मात्र चांगलं लागतं.

कायमचं नाही म्हटलेलं नाही आम्ही. चौथ्या वर्षी थेरपिस्ट परत बघणार, सराव करूनही ळ, र अडलेच, किंवा खालच्या दातांमागे अडकलेलं अन्न जिभेने काढता येईना, किंवा पडदा हिरडी ओढायला लागला, तर करायचं. मध्ये ॲडेनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वगैरेसाठी भूल द्यायची वेळ आलीच तर त्यातच हेही उरकून घेऊ. आणि ‘बोबडी’ म्हणणाऱ्यांचं म्हणाल तर ती पोरं चष्म्यालाही चिडवतात.

शेवटी तुम्ही सुचवलेला मध-वेखंडाचा उपाय. सासूबाईंनी केला होता तो, त्याने पडदा सैल होत नाही, आणि खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला अमेरिकेत १९६८ पासून बंदी आहे हे वाचल्यावर मी सहाण उचलून माळ्यावर ठेवली. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही द्यायचा नसतो, तुमच्या घरी आता दुसरं नातवंड यायचंय म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितीये. सूनबाईंना हे नक्की सांगा.