पडद्यावरचा विळा

विळा मिश्रणात बुडवायचा, वर काढायचा आणि पात्याकडे बघायचं. तांबूस थर आला तर समजायचं चुना कमी पडलाय, आणखी घाला. पिकावरच्या बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणाची ही परीक्षा मी शाळेत शिकलो नाही. बारा वर्षांचा असताना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मांडी घालून शिकलो, मुंबई दूरदर्शनवरच्या 'आमची माती, आमची माणसं' या शेतीच्या कार्यक्रमातून. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात लोंबतं ठेवायचं, भांडं लोखंडाचं नको. अजून पाठ आहे.

यातली गंमत अशी की टीव्ही काळा-पांढरा होता. रंगीत प्रक्षेपण 1982 च्या एशियाडच्या वेळी सुरू झालं, आणि आमच्या गावात रंग पोचायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. पडद्यावरचा अधिकारी विळा कॅमेऱ्यासमोर धरून सांगतोय, बघा कसा तांबूस झालाय. आणि ओट्यावरची पन्नास-साठ माणसं त्या करड्या विळ्याकडे बघून माना डोलावतायत. कोणी हसलं नाही. मोरचूद त्यांच्या हातातलं होतं, विळाही हातातला होता. तांबूस म्हणजे कसा ते प्रत्येकानं आपापल्या डोक्यात भरून घेतलं.

हे आठवायचं कारण, गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी जुन्या दूरदर्शनच्या त्या गोल फिरणाऱ्या चिन्हाचा व्हिडिओ टाकला आणि मग दोन दिवस उमाळे. काय ते कार्यक्रम, काय ती माणसं, आता काही राहिलं नाही. मी पण एक बदाम टाकला. नंतर वाटलं, आपण खोटं बोलतोय.

कारण खरं सांगायचं तर आम्ही पोरं त्या कार्यक्रमाला जाम कंटाळायचो. आमचा जीव अडकलेला रविवारच्या हिंदी सिनेमात आणि गुरुवारच्या छायागीतातल्या गाण्यांत. उसाच्या बेण्याला किती डोळे ठेवायचे, गाभण गाईला खुराक किती, या गोष्टी आम्ही सोसायच्या, कारण पुढची जागा सोडली तर छायागीताला मिळायची नाही. त्यातल्या त्यात 'गप्पागोष्टी' लागल्या की बरं वाटायचं. राजा मयेकर, माया गुजर ही मंडळी गावच्या बोलीत एकमेकांची फिरकी घेत बसायची आणि त्या फिरकीतच कुठंतरी बियाण्याची नाहीतर लसीकरणाची गोळी गुळात घालून द्यायची. मयेकर मूळचे लोकनाट्यातले. पॉज कुठं घ्यायचा हे त्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमची म्हातारी पडद्याशी बोलायची, 'खरंय बाबा तुझं.'

तर तो कार्यक्रम फार भारी होता असं माझं म्हणणं नाही. एका गोष्टीत मात्र तो आजच्या सगळ्यांपेक्षा सरळ होता. तो शेतकऱ्याशी बोलायचा. शहरातला माणूस बघत असेल तर बघू दे, पण वाक्य त्याच्यासाठी नसायचं. वाफसा म्हणजे काय हे कोणी समजावून सांगत बसायचं नाही. ज्याला वाफसा कळत नाही त्यानं बाजूच्याला विचारावं. दिल्लीला 'कृषिदर्शन' 26 जानेवारी 1967 ला सुरू झालं ते आसपासच्या ऐंशी गावांसाठी. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 चं, पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा झाला आणि पुण्याला चित्र दिसू लागलं. आमच्या खेड तालुक्यात अँटेना सिंहगडाकडे तोंड करून लावायचे. वारा सुटला की एकानं कौलावर चढायचं आणि खालून पंधरा जणांनी ओरडायचं, 'आलं, आलं... गेलं!'

आता आबांची गोष्ट सांगतो. आबा म्हणजे माझे आजोबा. त्या कार्यक्रमात एकदा मातीपरीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवलं. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्या, त्यातली माती टाकून द्या, मग खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्या. शेतातल्या आठ-दहा ठिकाणची अशी माती एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेल्याचे पुन्हा चार. अर्धा किलो राहील तोवर. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन निघाले. खड्डे बरोबर, तासणी बरोबर, चार भाग तर इतक्या निगुतीनं केले की आजी म्हणाली, भाकरीचे कधी केले न्हाईत असे. नमुना पिशवीत भरला आणि माझे चुलते अण्णा एसटीनं पुण्याला देऊन आले.

महिन्या-दीड महिन्यानं कागद आला. स्फुरद, अत्यंत भरपूर. आमच्या त्या खडकाळ माळाला स्फुरद भरपूर! आबा आठवडाभर गावात ऐटीत फिरले. मग ग्रामसेवकानं विचारलं, पिशवी कुठली होती? पिशवी होती अठरा-सेहेचाळीसची, म्हणजे स्फुरदाच्याच खताची, रिकामी, झटकून घेतलेली. खताच्या पिशवीत नमुना भरू नका हे वाक्य त्या कार्यक्रमात होतं, पण ते आलं नेमकं लाईट गेल्यावर. शेजारच्या गावात लाईट होती, त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी ते आम्हाला वीस वर्षं ऐकवलं.

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझंही बदाम टाकल्यासारखंच होईल. त्याच काळात आमच्या चाकणच्या बाजारात कांदा मातीमोल झाला होता. शरद जोशी आंबेठाणला येऊन शेती करत होते, शेतकरी संघटनेची सुरुवात तिथलीच. जानेवारी 1980 मध्ये वांद्रे (मुंबईचं नव्हे, आमच्याकडचं) ते चाकण असा चौसष्ट किलोमीटरचा मोर्चा निघाला, रस्ता द्या म्हणून. बायाबापड्या चालल्या त्यात. संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही बघायचो रोपांमधलं अंतर, पाण्याच्या पाळ्या, वरखताचे हप्ते. पिकवायचं कसं ते सगळं. पिकवलेलं मातीत का जातं, हे पडद्यावर कोणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. सरकारी माध्यम, त्यानं ते बोलावं ही अपेक्षाही तेव्हा नव्हती. पण मग त्याला सुवर्णकाळ म्हणताना जरा जीभ आवरावी.

खेळांचं तर विचारूच नका. क्रिकेटच्या कसोटीला पाच-पाच दिवस, आणि कुस्ती आली तर बातम्यांच्या शेपटाला. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीहून कुस्तीचं पदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आम्हाला ते टीव्हीनं सांगितलं नाही. तालमीतल्या वस्तादांनी सांगितलं, लंगोटाची गाठ बघता बघता. शाहू महाराजांचं खासबाग मैदानही मी आधी ऐकून ओळखत होतो, पाहिलं फार नंतर.

पण कुस्ती पडद्यावर नव्हती म्हणून आमचं काही अडलं नाही. ती जत्रेत होती. दुपारी नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात. माझी पहिली कुस्ती नारळावरचीच, आणि नारळ समोरच्यानं नेला. हलगी कडाडली की पोटात गोळा यायचा. आणि निवेदक! कुस्तीचं समालोचन ही वेगळीच विद्या. शंकरराव पुजारी हे त्यातलं मोठं नाव. असा निवेदक नुसतं 'पट काढला' म्हणून थांबत नाही. पोरगा कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, गेल्या साली कोणाशी बरोबरीत सुटला, बाप कोणत्या गावचा पैलवान, सगळं एका दमात. मांडीवर थाप पडते तोवर बसलेल्या दहा हजारांना त्या पोराचं अख्खं घराणं माहीत झालेलं असतं.

आता कबड्डी मॅटवर आली, 2014 पासून लीग आहे, झगमग आहे, आणि आमच्या भागातल्या पोरांना त्यातून पैसा मिळतो. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. उपाशी खेळाडूचं कौतुक करणाऱ्या रसिकांत मी नाही. पण ती बघताना मला दम ऐकू येत नाही. 'कबड्डी कबड्डी' हा आवाज, तो तुटत चालला की बचाव करणाऱ्यांचे हात कसे पुढे सरकतात ते. सगळं संगीतात बुडतं. खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना धरून ठेवायचं म्हणून ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या कानात बोळे घातलेत.

मालिकांतल्या गावाबद्दल तर एवढंच म्हणेन की तिथं शेत दिसलं की समजावं, आता कोणीतरी कारस्थान करणार. त्या बांधावर चाळीस वर्षांत कोणी खुरपं घेऊन बसलेलं नाही.

बरं, शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र वाहिनी नाही असंही नाही. डीडी किसान 26 मे 2015 ला सुरू झाली. बरोबर नऊ वर्षांनी, 2024 च्या मे महिन्यात, तिच्यावर दोन एआय निवेदक आले. नावं कृष आणि भूमी. पन्नास भाषा बोलतात म्हणे. दोघंही अगदी देखणे, घामाचा थेंब नाही. मी अण्णांना दाखवले. अण्णा आता ऐंशीच्या पुढे. त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, 'ही कुणाची पोरं?' म्हटलं, कुणाचीच नाहीत, यंत्रानं केलेली आहेत. ते म्हणाले, 'मंग त्यान्ला कांद्यातलं काय इच्यारावं?'

आता जे लिहिणार आहे त्यावर काहीजण चिडतील, पण लिहितो. 'आमची माती'चा खरा वारस मला कुठं सापडला माहितीये? बैलगाडा शर्यतीच्या लाईव्हमध्ये. हसू नका.

माझा पुतण्या दिवसदिवस ते बघतो. घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, कडेला तिपाईवर कॅमेरा, वर फिरणारा ड्रोन, माईकवर गावातलाच कोणीतरी घसा फाटलेला. 'घोडी लागली... सुटला... भिर्रर्र!' पुढच्या क्षणाला सेकंद जाहीर. बारी, कांडं, जुकाट, फळीफोड, सगळे शब्द जसेच्या तसे, बघणाऱ्याला कळतात हे धरून चाललेले. सातारा-सांगलीकडची मैदानं लावली तर शब्द वेगळे, तिकडे आदत, दुसा, गट, सेमी. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान असलं की पुतण्या जेवायलाही उठत नाही. बैलाचं नाव, मालकाचं गाव, कोणाच्या दावणीवरून कोणाकडे गेला, केवढ्याला गेला. कुस्तीचा निवेदक जे करायचा तेच, फक्त वंशावळ बैलाची.

शर्यतीत सगळं सोज्वळ होतं असं मी म्हणणार नाही. चाबूक, शेपूट पिरगाळणं, बॅटरीचा शॉक, हे मी लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली तेव्हा ती आभाळातून पडली नव्हती. डिसेंबर 2021 ला अटी घालून परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत आमच्याकडे कितीकांनी खोंड विकले. त्या अटी पाळायला लावणं हे आता कोर्टापेक्षा गावाचं काम आहे, आणि लाईव्ह कॅमेरा असला की चाबूक जरा आखडता राहतो असं माझं निरीक्षण आहे. त्या माईकवरचा माणूस मध्येच सांगतो, 'मालक, काठी टाका, सगळं दिसतंय.' सगळीकडे सांगत नसेल. मी दोनदा ऐकलंय.

परवा रविवारी गावी होतो. पडवीत पुतण्यानं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, अण्णा खाटेवर, मी उंबऱ्यात. निमगावच्या खंडोबाच्या घाटातली बारी चालू होती. निवेदक बघणाऱ्यांची नावं वाचत होता, हिंजवडीवरून अमुक, दुबईवरून तमुक. अण्णांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण गाड्यापुढं पळणाऱ्या घोडीच्या टापांवरून त्यांना कळत होतं. 'डावीकडचा मागं ऱ्हातोय,' ते म्हणाले. खरंच राहत होता.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा घरघरत थांबला. फोनवर पुढचा गाडा जुंपणं चालूच होतं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोनकडे हात करून म्हणाले, 'ह्यो तवा पायजे व्हता. पिशवीचं ऐकू आलं आस्तं.'